नांगर थांबवल्यावर खत कुठे पडायला हवे? कोरडवाहू काळ्या जमिनीसाठी पहिल्या तीन वर्षांचे मार्गदर्शन

संवर्धित शेतीचे तीन नियम आता बहुतेकांना पाठ आहेत. जमीन कमीत कमी हलवायची, ती काडीकचऱ्याने झाकलेली ठेवायची आणि पिकांची फेरपालट करायची. हे नियम पाळू लागल्यावर मातीतल्या अन्नद्रव्यांचे काय होते, हे मात्र नव्याने सुरुवात करणाऱ्याला कोणी नीट सांगत नाही, आणि प्रयोग बहुधा तिथेच फसतो. नांगर थांबतो, पण खत जुन्याच जागी आणि जुन्याच वेळी पडत राहते. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी ज्वारी पिवळी दिसू लागते, शेजारच्या नांगरलेल्या शेतातली हिरवीगार असते, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ट्रॅक्टर बोलावला जातो.

पुढची माहिती ५०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या पट्ट्यासाठी आहे: सोलापूर, धाराशिव, बीड, जालना, अहिल्यानगरचे अवर्षणप्रवण तालुके, साताऱ्यातील माण-खटाव, सांगलीतील जत. जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली मध्यम ते भारी काळी, सामू (पीएच) ८ किंवा त्याहून वर, चुनखडी भरपूर. अशा मातीत पालाश (पोटॅश) सहसा मुबलक असते. सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी असतात, आणि जस्त, लोह, गंधक यांची कमतरता वारंवार आढळते. चोपण, म्हणजे सोडियम वाढून चिकट झालेल्या जमिनीत हा प्रयोग सुरू करू नका. तिथे आधी जिप्सम मातीत मिसळून निचरा सुधारावा लागतो, आणि मिसळायचे म्हणजे मशागत आलीच.

नांगरल्यावर पीक काळेभोर का येते

हे समजल्याशिवाय पुढचे काही नीट समजणार नाही. उन्हाळ्यात नांगरलेली जमीन तापते, ढेकळे फुटतात, आत लपलेले सेंद्रिय पदार्थ उघडे पडतात. पहिला चांगला पाऊस झाला की जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि थोड्याच दिवसांत भरपूर नत्र मोकळे होते. पीक त्यावर जोरात उठते. हे नत्र कुठून बाहेरून आलेले नसते. साठवलेल्या सेंद्रिय कर्बातून ते दरवर्षी खर्च होत असते. आपल्याकडच्या उष्ण हवामानात हा खर्च भरून निघत नाही, म्हणून माती परीक्षणाच्या अहवालात कर्बाचा आकडा खालीच राहतो.

नांगर थांबवला की हा खर्च मंदावतो. दीर्घकाळासाठी हे हवेच आहे, पण पहिल्या पावसाबरोबर मिळणारे ते फुकटचे नत्रही कमी होते आणि उशिरा मिळते. त्याच वेळी वर पसरलेला काडीकचरा कुजताना आणखी नत्र धरून ठेवतो. म्हणून पहिली दोन वर्षे खताची एकूण मात्रा घटवायची नाही. तिची जागा आणि वेळ बदलायची.

स्फुरदाची गोष्ट वेगळी. चुनखडीच्या मातीत स्फुरद टाकल्या जागेवरून फारसे हलत नाही, कॅल्शियमशी बांधले जाऊन तिथेच बसते. नांगरणी होती तोवर दरवर्षी माती वरखाली होऊन ते मिसळले जात होते. नांगरणी थांबल्यावर वरून फेकलेले स्फुरद वरच्या दोन-तीन इंचांत साचत जाते. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की नेमका हाच थर सुकतो आणि कोरड्या मातीतून मुळांना काहीच उचलता येत नाही. अहवालात स्फुरद ‘मध्यम’, शेतात पीक मात्र उपाशी. भारी काळ्या जमिनीत भेगांतून वरची माती खाली पडत असल्याने हा थर जरा सावकाश तयार होतो. मध्यम जमिनीत लवकर.

उन्हाळ्यातली पहिली कामे: मोजणी

सुरुवात अर्ध्या एकरावर करा, म्हणजे २० गुंठे. त्याला लागूनच त्याच मातीचा किमान चार-सहा ओळींचा पट्टा जुन्या पद्धतीने करत राहा. हा पट्टा नसेल तर तीन वर्षांनी झालेला फरक पद्धतीचा की पावसाचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

माती परीक्षणाचा नमुना नेहमी २० ते २२ सेंटिमीटरपर्यंतचा एकत्र घेतात. इथे दोन थर वेगळे घ्या: ० ते ७ सेंटिमीटर आणि ७ ते २० सेंटिमीटर. शेतात नागमोडी फिरत १० ते १२ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी काढा. वरचा थर एका घमेल्यात, खालचा दुसऱ्यात. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी किंवा जनावरे बांधतात तिथे नमुना घेऊ नका. प्रत्येक घमेल्यातली माती पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असे अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून दोन कापडी पिशव्या भरा. गंजलेले घमेले वापरले तर लोहाचा आकडा चुकतो, प्लॅस्टिकचे घ्या.

प्रयोगशाळेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांबरोबर जस्त, लोह आणि गंधक तपासायला सांगा. लक्षात ठेवायच्या मर्यादा अशा: जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) खाली, लोह ४.५ पीपीएमच्या खाली किंवा गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता समजायची.

शेवटची नांगरट

नांगर थांबवण्यापूर्वी एकदा व्यवस्थित मशागत करायची आहे. ही पायरी गाळली की पुढची तीन वर्षे ती चूक सोबत राहते, कारण जे मातीत खोल मिसळायचे ते मिसळण्याची हीच वेळ.

मार्च-एप्रिलमध्ये शेतात हरळी, लव्हाळा किंवा कुंदा असेल तर खोल नांगरून काश्या आणि गाठी वेचून काढा, उन्हात तापू द्या. ही बहुवर्षीय तणे असलेल्या शेतात विना-नांगरणी चालत नाही, हे अगदी स्पष्टपणे सांगायला हवे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर चालून खाली कडक थर झाला असेल तर सबसॉयलरने (खोल फणाच्या अवजाराने) तो फोडून घ्या. ओळखायची खूण सोपी आहे. ओल असताना टोकदार लोखंडी सळई हाताने दाबत जा. वीतभर खोलीवर ती एकाएकी अडत असेल तर थर आहे.

त्यानंतर कुळवाच्या पाळीपूर्वी अर्ध्या एकरात किमान एक टन चांगले कुजलेले शेणखत पसरा. जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट ४ ते ५ किलो शेणखतात कालवून टाका. स्फुरदाचा अहवाल ‘कमी’ असेल तर शिफारशीपेक्षा २५ टक्के जास्त मात्रा यंदाच द्या आणि हा वाढीव भाग सिंगल सुपर फॉस्फेटमधून याच वेळी कुळवाने मातीत मिसळा. पुढे ही संधी मिळणार नाही.

आता गादीवाफे. दोन सऱ्यांच्या मध्यात साडेचार फूट अंतर, वाफ्याचा माथा सुमारे १०० सेंटिमीटर. कोकणात भातासाठी सुरू झालेल्या सगुणा तंत्रात हेच माप आहे, आणि मराठवाड्यात सोयाबीन-कापसासाठी ते वापरले गेले आहे. वाफे उताराला आडवे पाडा. हे वाफे आता कायमचे. चाक, पाय, बैल सगळे सरीतून जायचे. ओल्या वाफ्यावर एकदा ट्रॅक्टरचे चाक गेले की तिथली माती दबते आणि ती सैल करायला नांगर उरलेला नसतो.

पेरणी आणि खताची खोली

पहिल्या खरिपात सोयाबीन आणि तूर घ्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की पेरणी.

सोयाबीनसाठी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश धरले तर अर्ध्या एकराला साधारण १३ किलो युरिया, दीड गोणी म्हणजे ७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. अहवालात पालाश भरपूर असेल तर पोटॅश निम्मे करा. डीएपीऐवजी (डाय-अमोनियम फॉस्फेट) सिंगल सुपर फॉस्फेट मुद्दाम सांगितले आहे, कारण त्यात ११ टक्के गंधक असते आणि सोयाबीनला ते लागते. दाणेदार घ्या, भुकटी पेरणीच्या चाड्यातून (खत-बी सोडायच्या भांड्यातून) नीट उतरत नाही.

खत ८ ते १० सेंटिमीटर खोल आणि बियाण्याच्या ओळीपासून ५ सेंटिमीटर बाजूला पडायला हवे. सोयाबीनचे बी ३ ते ४ सेंटिमीटरवर. पहिल्या वर्षी माती भुसभुशीत असते, दोन चाड्यांची पाभर (बैलांनी ओढायचे पेरणीचे अवजार) किंवा खत-बियाणे पेरणी यंत्र हे सहज करते. दुसऱ्या वर्षापासून वाफा न हलवता पेरायचे असते. यंत्राचे फण अरुंद आणि टोकदार हवेत, आणि ओलीवर दोन-चार हात चालवून, थांबून, माती उकरून खोली पट्टीने मोजायची. यंत्र नसेल तर टोकण. एका छिद्रात बी, त्याच्या बाजूला बोटभर खोल दुसऱ्या छिद्रात खत, वरून माती. अर्ध्या एकरासाठी हे मजुरीत बसते. खत आणि बी एकाच छिद्रात टाकू नका, उगवण मारली जाते.

बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम चोळा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावून वाळू द्या, जिवाणू शेवटी. विना-नांगरणीचा एक फायदा इथे मिळतो. मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे जाळे नांगराने तुटत नाही, आणि हे जाळे मूळ पोचत नाही तिथले स्फुरद व जस्त आणून देते. जाळे वाढायला एक-दोन हंगाम लागतात.

युरिया काडीकचऱ्यावर फेकणे ही सर्वात महागात पडणारी चूक. कुजणाऱ्या काडीत युरिया फोडणारे युरिएज विकर (एन्झाइम) भरपूर असते. आपल्या अल्कधर्मी मातीवर, उन्हात, फोडलेला युरिया अमोनिया वायू होऊन उडून जातो. हलक्या शिडकाव्याने तर नुकसान वाढते, कारण युरिया विरघळतो पण मातीत उतरत नाही. वरखत, म्हणजे पेरणीनंतरचे खत, द्यायचेच असेल तर आच्छादन बाजूला सारून ओळीच्या कडेने मातीत गाडा.

आच्छादन: किती, कधी आणि कुठून

कोरडवाहू भागात सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. नांगरणी बंद केली आणि जमीन उघडी ठेवली तर ती नांगरलेल्या जमिनीपेक्षाही वाईट वागते. पृष्ठभाग घट्ट होतो, पाणी वाहून जाते, भेगा लवकर पडतात. जगभरातल्या ६१० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात सगळी परिस्थिती एकत्र धरता विना-नांगरणीने उत्पादन सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास घटल्याचे दिसले. मात्र कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या शेतीत आच्छादन आणि फेरपालट ही जोड दिली तेव्हा ते सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. तिन्ही नियम एकत्र पाळायचे, ते या कारणासाठी.

माप असे धरा: एका चौरस मीटरवर अर्धा किलो वाळलेला काडीकचरा. एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब वाफ्याला पाच किलो. फक्त वाफ्यांचे माथे झाकायचे म्हटले तरी अर्ध्या एकराला पाऊण टन लागते, सऱ्यांसह एक टन. एकरी आठ क्विंटल सोयाबीन आले तर भुसकट साधारण आठ-दहा क्विंटल निघते. म्हणजे अर्धा एकर झाकायला जवळजवळ एक एकराचे भुसकट. सुरुवात लहान क्षेत्रावर करा म्हणण्याचे खरे कारण हे गणित आहे. दुसऱ्या शेतातून भुसकट आणता तेव्हा तिथले अन्नद्रव्यही इकडे आणता, हेही विसरू नका. त्या शेताला शेणखत द्या.

कडबा आच्छादनाला टाका, असे कोणी सांगितले तर त्याने जनावरे पाळलेली नाहीत. मालदांडी ज्वारीचा कडबा हे दुष्काळातले चलन आहे. तो दावणीलाच जाऊ द्या. एक टन कडब्याबरोबर सुमारे १० ते १५ किलो पालाश शेताबाहेर जाते, त्यामुळे शेण आणि गोठ्याची मलमूत्र मुरलेली माती त्याच शेतात परत आली पाहिजे. पालाश आज भरपूर आहे म्हणून वीस वर्षे नुसते काढत राहायचे नाही.

कडबा न देता जे देता येते ते असे. रब्बी ज्वारी आपल्याकडे उपटून काढतात. ती उपटू नका, विळ्याने जमिनीपासून चार ते सहा इंचांवर कापा. धसकट उभे राहते, मुळे जागेवर कुजतात आणि त्यांनी केलेल्या वाटांमधून पुढच्या पावसाचे पाणी उतरते. कर्बाच्या दृष्टीने वरच्या काडीपेक्षा मुळे जास्त टिकाऊ ठरतात. तूरही कापा, उपटू नका. तुरीची पानगळ हे तर विनामजुरीचे आच्छादन आहे.

बांधावर गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, एक-एक मीटरवर लावा. दुसऱ्या वर्षापासून छाटणी मिळते आणि जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. एक टन ओल्या पाल्यातून सुमारे ५ ते ७ किलो नत्र मिळते, आणि पाला कोवळा असल्याने ते लवकर मोकळे होते. सरीत ताग पेरून फुलावर येण्यापूर्वी, ४० ते ४५ दिवसांनी, कापून वाफ्यावर टाकता येतो. पाऊस कमी असलेल्या वर्षी मात्र ताग पेरू नका, तो मुख्य पिकाचे पाणी पितो.

उन्हाळ्यात शेत मोकळे झाले की मेंढ्या येतात. चराई बंद करणे बहुतेक गावांत शक्य नसते आणि मेंढपाळांशी वैर घेण्याचे कारणही नाही. कळपाला काडी खाऊ देण्याऐवजी त्याच शेतात रात्री बसवण्याचे ठरवा. लेंडी आणि मूत्र पडून नत्र परत मिळते. आच्छादन मात्र त्या हंगामात ढीग करून बाजूला ठेवा आणि पावसाळ्यात पुन्हा पसरा.

पसरायचे केव्हा? नवशिक्याने आधी पेरावे, मग झाकावे. पेरणीपूर्वी पसरले तर काडी फणात अडकून गोळा होते, बी उघडे पडते. उगवणीनंतर १५ ते २० दिवसांनी, पहिली खुरपणी करून, ओळींच्या मधे काडी पसरा. रोप हातभर होण्याआधी त्याच्या बुंध्याशी काडी दाबू नका.

भुसकट जाळू नका. जाळल्यावर त्यातला कर्ब आणि जवळजवळ सगळे नत्र हवेत जाते, गंधकही बरेचसे जाते. स्फुरद आणि पालाश राखेत उरतात, तेही वाऱ्याने उडाले नाहीत तर.

काडी नत्र किती धरते

ज्वारीच्या धसकटात कर्ब-नत्राचे प्रमाण ८० ला १ च्या आसपास असते, सोयाबीनच्या भुसकटात ४० ते ५०, कोवळ्या तागात २०, गिरिपुष्पाच्या पाल्यात १५. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ ला १ असा आहार लागतो. एक टन वाळलेल्या ज्वारीच्या काडीत ४०० किलो कर्ब आणि ५ किलो नत्र आहे असे धरा. जिवाणूंना १६ किलो नत्र हवे, काडीत ५ आहे, उरलेले ११ ते मातीतून घेतात. पिकाच्या तोंडचे. काडी मातीत गाडली तर हे झपाट्याने होते. वर पसरलेली काडी मातीला टेकते तिथेच कुजते, म्हणून एका हंगामात यातला काही भागच अडकतो.

त्यासाठी उसाच्या पाचटाची शिफारस सगळ्यांना माहीत आहे: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. कोरडवाहू काडीलाही हेच प्रमाण पहिली दोन वर्षे वापरा. ८ किलो युरियातून पावणेचार किलोच्या आसपास नत्र मिळते. हा युरिया पेरणीच्या खतात मिसळून खोल द्या. अडकलेले नत्र हरवत नाही. जिवाणू मरतात तेव्हा ते हळूहळू परत मिळते, पुढच्या हंगामात.

दुसरा उपाय बिनखर्ची आहे. ज्वारीच्या धसकटात ज्वारी पेरू नका. त्यात हरभरा किंवा सोयाबीन घ्या, जे आपले नत्र स्वतः हवेतून घेते. ज्वारी पेरायची ती कडधान्याच्या किंवा सोयाबीनच्या काडीत. चुनखडीच्या जमिनीत हरभऱ्याचा आणखी एक गुण आहे. त्याच्या पानांवर जशी आंब असते तशी मुळांतूनही आम्ले पाझरतात आणि कॅल्शियमने बांधलेले स्फुरद सुटायला मदत होते.

रब्बी आणि भेगा

रब्बी ज्वारीच्या जुन्या शिफारशीत तीन कोळपण्या (ओळींमधली उथळ मशागत) आहेत: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. त्या तणासाठी आहेत तशाच भेगा बुजवण्यासाठीही. कोळप्याने मोकळी केलेली वरची माती झाकणाचे काम करते आणि खालची ओल टिकते. कोळपणी बंद केली तर हे झाकण आच्छादनाने पुरवावे लागते. तुमच्याकडे चौरस मीटरला अर्धा किलो काडी नसेल तर कोळपणी बंद करू नका. पाचव्या आठवड्यात एक उथळ कोळपणी करा. नियमाच्या शुद्धतेसाठी पीक वाळवण्यात काही अर्थ नाही.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, ४५ सेंटिमीटरवर. भारी जमिनीत हेक्टरी ६० किलो नत्र आणि ३० किलो स्फुरद, म्हणजे अर्ध्या एकराला २६ किलो युरिया आणि ३७ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. मध्यम जमिनीत दोन्ही कमी, हेक्टरी ४० आणि २०. सगळे खत पेरणीलाच, ओलीत, खोल. कोरडवाहू रब्बीत पावसाची खात्री नसल्याने वरखत कोरड्या मातीत पडून राहते.

पीक पिवळे पडले तर आधी पान बघा

युरियाची गोणी उचलण्याआधी कोणते पान पिवळे आहे ते पाहा.

जुनी, खालची पाने टोकाकडून मधल्या शिरेच्या दिशेने पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, संध्याकाळी. आठवड्याने पुन्हा. सोबत ओळीच्या कडेने मातीत थोडा युरिया.

वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. सोयाबीनमध्ये चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः झड लागून पाणी साचल्यावर, हे हमखास दिसते. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडे लिंबाचे सत्व मिसळून फवारा. इथे युरियाचा उपयोग नाही.

कोवळी पाने शिरांसकट फिकट असतील तर गंधक. सिंगल सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी वापरलेल्या शेतात हे जास्त सापडते.

आणि सगळेच पीक एकसारखे मलूल पिवळे असेल तर सरीत पाणी तुंबले आहे का ते बघा. आच्छादनाखाली ओल जास्त राहते. अतिपावसाच्या आठवड्यात सरीचे तोंड मोकळे करून द्या.

आच्छादनाबरोबर येणारे त्रास

शंखी गोगलगाय. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात तिने सोयाबीनची रोपे मोठ्या प्रमाणावर फस्त केली. ओल आणि सावली तिला आवडते, म्हणजे आच्छादन आवडते. जिथे प्रादुर्भाव आहे तिथे पीक चांगले उंच होईपर्यंत काडी पसरू नका. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधाकडेने टाका, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा.

कापसाच्या पऱ्हाट्या आच्छादनाला चालतात, पण श्रेडरने बारीक करूनच. उभ्या ठेवल्या किंवा बांधावर रचल्या तर गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते. वाळवी कोरड्या काडीवर येते. ती काडी खात असेल तर घाबरू नका, पिकाच्या मुळांकडे वळली तरच उपाय करा.

तण पहिल्या दोन वर्षांत जास्तच असते. फुलावर येण्यापूर्वी कापून जागेवर टाका, उपटून बाहेर नेऊ नका. त्याने उचललेले अन्नद्रव्य शेतातच राहते. तणनाशक वापरायचे असेल तर लेबलवर तुमच्या पिकाचे नाव असलेलेच, लेबलवरच्या मात्रेत.

तिसऱ्या उन्हाळ्यात

पुन्हा दोन थरांचे नमुने घ्या, शेजारच्या नांगरलेल्या पट्ट्यातूनही. कर्बाचा आकडा झपाट्याने वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि एका वर्षात दुप्पट कर्ब करून देणारे औषध विकायला कोणी आले तर हे गणित त्याला दाखवा. एका एकराची वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे ८०० टन भरते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे ८०० किलो कर्ब मातीत टिकवायचा. एकरी दोन टन काडी दिली तर त्यात ८०० किलो कर्ब असतो, पण आपल्या उष्णतेत त्यातला दहावा-आठवा हिस्साच उरतो. म्हणजे आठ ते दहा वर्षे. वरच्या ० ते ७ सेंटिमीटरच्या थरात मात्र वाढ आधी दिसते, आणि नमुने वेगळे घेतले असतील तरच ती सापडते.

स्फुरद बघा. वरच्या थरात ते खालच्या थराच्या दुपटीहून जास्त असेल तर खत अजून उथळ पडते आहे. पुढच्या पेरणीत फण आणखी दोन सेंटिमीटर खोल उतरवा, वरून काहीही फेकू नका. वर भरपूर साचले असेल तर त्या हंगामात आच्छादन जाड ठेवा. वरचा थर ओला राहिला की मुळे तिथे येतात आणि साचलेले स्फुरद वापरले जाते.

शेवटी कुदळीने दोन्हीकडे एकेक फूटभर खोल खड्डा घ्या, पावसानंतर तिसऱ्या दिवशी. मातीचा ढेकूळ हाताने फोडून बघा: दाणेदार फुटतो की चिवट वडीसारखा राहतो, मुळे सरळ खाली जातात की आडवी वळतात, ओल किती बोटांवर सुरू होते. वाफ्याच्या खड्ड्यात मुळे आडवी वळलेली दिसली तर दबलेला थर राहिला आहे. तेवढ्याच वाफ्यांत सरीच्या बाजूने सबसॉयलर घालून घ्या, बाकीच्या वाफ्यांना हात लावू नका.